कार्यालयाचे वायर्ड नेटवर्क इमारतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील आपल्या कारखान्याचे कार्यालय इमारतीच्या पुढच्या भागात पहिल्या मजल्यावर आहे. सर्व्हर आणि मुख्य स्विच (नेटवर्कच्या सगळ्या केबल जिथे एकत्र येतात ते उपकरण) तिथेच आहेत. त्याच छपराखाली, अगदी मागच्या टोकाला, आता मालाच्या पाठवणीचा विभाग सुरू झाला आहे आणि तिथे पाच संगणक, एक बारकोड प्रिंटर, दोन कॅमेरे, एक आयपी फोन आणि हजेरीचे यंत्र जोडायचे आहे. वायरमनने कार्यालयापासून तिथपर्यंत एकच अखंड कॅट-६ केबल (नेटवर्कची तांब्याची केबल) ओढून दिली. दिवे लागतात, इंटरनेटही चालते, परंतु हिशेबाचे सॉफ्टवेअर दिवसातून चार-पाच वेळा बंद पडते आणि दुपारी हा त्रास वाढतो. नकाशावर अंतर ९५ मीटर दिसते. केबल बदलावी, मध्ये एखादा स्विच बसवावा, की वाय-फाय घ्यावे, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर आधीच सांगतो. तांब्याची केबल बदलण्यात पैसे घालू नका; या अंतरासाठी सिंगल मोड फायबर (प्रकाश वाहून नेणारी, बारीक गाभ्याची काचेची केबल) टाका, आणि केबलचा जेवढा विचार कराल तेवढाच मागच्या टोकाला बसणाऱ्या पेटीचा करा. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात हे काम करताना माझा अनुभव असा आहे की लांबच्या विभागाचे नेटवर्क बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा दोष केबलमध्ये नसतो, तो त्या टोकाच्या वीजजोडणीत, अर्थिंगमध्ये किंवा टेबलाखाली धूळ खात पडलेल्या स्विचमध्ये असतो. आपल्या बाबतीत मात्र केबलही दोषी आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

नकाशावरचे ९५ मीटर बाजूला ठेवा. केबल नकाशावरून जात नाही. ती रॅकमधून वर फॉल्स सीलिंगमध्ये चढते, व्हरांड्याने फिरते, जिन्याजवळ खाली उतरते, शेडच्या गर्डरपर्यंत पुन्हा वर जाते, कोपरा वळते आणि शेवटी टेबलापर्यंत खाली येते. खरी लांबी मोजण्याचा सोपा उपाय केबलच्या आवरणावरच छापलेला असतो. चांगल्या केबलवर दर मीटरला, काहींवर फुटांत, चढता आकडा असतो. दोन्ही टोकांचे आकडे वाचा आणि वजाबाकी करा. पूर्ण खोके ३०५ मीटरचे, म्हणजे १००० फुटांचे असते, त्यामुळे खोक्यात किती उरले यावरूनही पडताळा घेता येतो. आपण वर्णन केलेल्या मार्गावरून ही लांबी १३० मीटरांच्या आसपास निघेल असा माझा अंदाज आहे.

तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ते १०० मीटर दोन भागांत वाटलेले आहेत, हे विसरले जाते. भिंतीतून किंवा ट्रेमधून जाणारी, एकसंध तारेची पक्की केबल ९० मीटरपर्यंत, आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड, म्हणजे उपकरणाला जोडायच्या सुट्या छोट्या केबल, मिळून १० मीटर. पॅच कॉर्डची तार बारीक तंतूंची असते. ती लवचिक असते, परंतु तेवढ्याच लांबीत सिग्नल जास्त क्षीण करते, म्हणून पॅच कॉर्ड जोडून जोडून लांबी वाढवणे हा सर्वांत वाईट उपाय ठरतो. त्यातही हे ९० मीटर २० अंश सेल्सिअस तापमानासाठी आहेत. अनशील्डेड (धातूचे आवरण नसलेल्या) केबलमधील क्षय, म्हणजे सिग्नलचे क्षीण होणे, २० ते ४० अंशांच्या दरम्यान दर अंशाला सुमारे ०.४ टक्के आणि त्यापुढे ०.६ टक्के वाढतो, असे गृहीत धरून लांबी कमी करायची असते. पत्र्याच्या शेडमध्ये गर्डरला लागून गेलेल्या केबलभोवती एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ५० अंश तापमान सहज असते, आणि त्या तापमानाला ९० मीटरांचे जेमतेम ७९ ते ८० मीटर उरतात. आपला त्रास दुपारी का वाढतो, याचे कारण बहुधा इथेच आहे.

मर्यादा ओलांडूनही दिवा लागतो आणि वेग १ गिगाबिट दाखवतो, याचे आश्चर्य वाटायला नको. दोन टोकांची उपकरणे आपापसांत वेग ठरवतात तेव्हा ती केबलची परीक्षा घेत नाहीत. ती एकमेकांना फक्त आपली क्षमता सांगतात, आणि ज्या संथ ठोक्यांनी हे सांगणे होते ते ठोके खूप लांबवर पोहोचतात. करार १ गिगाबिटचा होतो, आणि प्रत्यक्ष माहिती वाहू लागली की केबल तोकडी पडते. १९९९ साली प्रमाणित झालेले तांब्यावरचे गिगाबिट इथरनेट चारही जोड्यांवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलते, त्यामुळे प्रत्येक टोकाला स्वतःच्याच आवाजातून समोरच्याचा क्षीण आवाज वेगळा काढावा लागतो. १३० मीटरांवर तो आवाज कधी ऐकू येतो, कधी येत नाही. वेब पान उघडताना हरवलेली माहितीची पाकिटे पुन्हा मागवली जातात आणि वापरणाऱ्याला फक्त किंचित उशीर जाणवतो. हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमधील फाइल तासन्‌तास उघडी धरून ठेवते, आणि दुवा दोन-तीन सेकंद जरी तुटला तरी ती पकड सुटते. लिहिण्याच्या मध्यावर पकड सुटली तर डेटा बिघडण्याचा धोका असतो. म्हणून हा प्रश्न केवळ गैरसोयीचा समजू नका. काम होईपर्यंत त्या डेटाची प्रत रोज दुसरीकडे घेत राहा.

फायबर येईपर्यंतच्या आठ-पंधरा दिवसांसाठी एक तात्पुरता मार्ग आहे. मुख्य स्विच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) असेल तर त्या पोर्टला केवळ १० मेगाबिट फुल डुप्लेक्सच (एकाच वेळी दोन्ही दिशांनी) जाहीर करायला सांगा. हा वेग लहान वाटेल, पण त्याची वारंवारता कमी असल्याने सिग्नल लांबवर टिकतो, आणि हिशेबाच्या नोंदी व बारकोडची लेबले यांना तो पुरतो; कॅमेरे तेवढे दिवस जोडू नका. कॅमेऱ्यांसाठी मिळणाऱ्या काही स्विचवर २५० मीटर असे लिहिलेले बटण असते. ते हेच करते, वेग १० मेगाबिटवर आणते. इथे एक चूक हमखास होते. एका टोकाला वेग हाताने पक्का केला आणि दुसरे टोक आपोआप ठरवण्यावर ठेवले, तर दुसऱ्या टोकाला वेग कळतो पण डुप्लेक्स कळत नाही आणि ते हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच दिशा) धरून बसते. मग दुवा वर दिसतो आणि काम मात्र रांगते. म्हणून वेगाची जाहिरात मर्यादित करा, वाटाघाट बंद करू नका. ती सोय स्विचमध्ये नसेल, तर दोन्ही टोकांना हाताने एकच सेटिंग द्या.

मध्ये स्विच बसवण्याविषयी. तांत्रिकदृष्ट्या हा उपाय पूर्णपणे बरोबर आहे, कारण प्रत्येक स्विच सिग्नल नव्याने तयार करतो आणि तिथून पुढे नवे १०० मीटर मिळतात. हबच्या (स्विचआधीच्या साध्या जोडपेट्यांच्या) काळातील पाच केबल-चार हब हा नियम काही जण अजून सांगतात. स्विचला तो लागू नाही. माझा आक्षेप जागेला आहे. आपल्या मार्गाच्या मध्यावर शेडचे गर्डर आहेत. तिथे खोली नाही, पेटी नाही, यूपीएस नाही. अशा जागी बसवलेला स्विच शिडी लावल्याशिवाय दिसत नाही, आणि त्याला वीज जवळच्या दिव्याच्या जोडणीतून दिली जाते. एका कारखान्यात हजेरीचे यंत्र रोज रात्री ८ नंतर बंद पडत होते. यंत्र दोनदा बदलून झाले होते. शोध घेतल्यावर कळले की मधला स्विच ट्यूबलाइटच्या सर्किटवर होता, आणि रखवालदार नियमाप्रमाणे रात्री दिवे बंद करत होता. रखवालदाराची काहीच चूक नव्हती. मध्यावर कुलपाची पेटी, यूपीएसवरची वीज आणि जमिनीवर उभे राहून हात पोहोचेल अशी जागा असेल, तर मधला स्विच अवश्य बसवा. अशी जागा नसेल आणि एक-दोनच उपकरणे जोडायची असतील, तर केबलमधूनच वीज घेणारा छोटा स्विच किंवा एक्स्टेंडर चालतो. त्याला स्वतंत्र प्लग लागत नाही. पण तेव्हा त्याची स्वतःची भूक आणि पुढच्या कॅमेऱ्यांची भूक मिळून किती वॅट होतात, हे आधी मांडून पाहावे लागते. केबलमधून वीज देण्याच्या (पीओई) ८०२.३एएफ प्रकारात पोर्ट १५.४ वॅट सोडतो आणि पलीकडे १२.९५ वॅटच हमखास मिळतात, ८०२.३एटीमध्ये हे आकडे ३० आणि २५.५ आहेत.

वाय-फायचा पूल किंवा विजेच्या तारांवरून जाणारे अडॅप्टर यांवर मी फार वेळ घालवत नाही. शेडमध्ये पत्रा, रॅक आणि सतत हलणारा माल यांमुळे रेडिओचा मार्ग रोज बदलतो, आणि विजेच्या तारांवरचा उपाय तीन फेजच्या मोटारी आणि वेल्डिंग मशीन असलेल्या जागेत भरवशाचा राहत नाही. रस्त्यापलीकडे खोदायला परवानगी मिळत नाही किंवा जागा भाड्याची आहे, अशा वेळी समोरासमोर दिसणारे ५ गिगाहर्ट्‌झचे दोन अँटेना उत्तम काम करतात. आपली तशी अडचण नाही.

आता फायबर. पूर्वी कार्यालयांत मल्टिमोड (जाड गाभ्याची फायबर) टाकत, कारण त्याची उपकरणे स्वस्त होती. आज घराघरांत फायबरचे इंटरनेट पोहोचल्यामुळे सिंगल मोड केबल, तिची मॉड्यूल (स्विचमध्ये बसणारे, विजेचा सिग्नल प्रकाशात बदलणारे भाग) आणि ती जोडणारा माणूस हे तिन्ही तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतात. मल्टिमोडचे तसे नाही. शिवाय ओएम३ प्रकारच्या मल्टिमोडवर १० गिगाबिट ३०० मीटरपर्यंतच जाते, तर सिंगल मोडवर तोच वेग १० किलोमीटर जातो. आज १ गिगाबिटची मॉड्यूल लावा; उद्या गरज वाढली तर केबलला हात न लावता फक्त मॉड्यूल बदला. केबल ६ कोरची, म्हणजे सहा काचतंतूंची, घ्या. आपल्याला आज २ कोर लागतील, पण केबलच्या किमतीतला फरक मजुरीच्या तुलनेत किरकोळ असतो, आणि गर्डरवर पुन्हा माणूस चढवणे हाच खरा खर्च असतो. सहाही कोर दोन्ही टोकांना पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा) लावून बंद करून घ्या. न जोडलेले कोर गुंडाळून ठेवले तर गरजेच्या दिवशी जोडणारा माणूस शोधण्यातच दिवस जातो.

दोन्ही टोकांना एसएफपी पोर्ट (फायबरचे मॉड्यूल बसवण्याची खाच) असलेले स्विच घ्या आणि मीडिया कन्व्हर्टर (तांबे आणि फायबर जोडणारा वेगळा डबा) शक्यतो टाळा. कन्व्हर्टर म्हणजे आणखी दोन डबे, आणखी दोन अडॅप्टर आणि बिघाडाच्या आणखी चार जागा. शिवाय फायबर तुटले तरी साध्या कन्व्हर्टरचा तांब्याकडचा दिवा लागलेलाच राहतो आणि शोधणारा फसतो. आपला मुख्य स्विच जुना असून त्याला एसएफपी पोर्ट नसेल, तरच एका टोकाला कन्व्हर्टर लावा. मॉड्यूल १३१० नॅनोमीटरची, १० किलोमीटर प्रकारची पुरेत. ४० किंवा ८० किलोमीटरची मॉड्यूल अधिक ताकदवान म्हणून कोणी पुढे केली तर नाकारा. एवढ्या जवळच्या अंतरावर तिचा झोत समोरच्या मॉड्यूलच्या रिसीव्हरला झेपत नाही. आपल्या दुव्यात प्रकाशाची घट किती होईल, तेही पाहू: १५० मीटर केबलची घट ०.१ डेसिबलहून कमी, दोन स्प्लाइसचे (वितळवून केलेल्या सांध्यांचे) मिळून सुमारे ०.२, दोन कनेक्टरचे प्रत्येकी ०.५ धरले तर एकूण १.३ डेसिबलच्या आसपास. मॉड्यूलजवळ सुमारे १० डेसिबलची शिल्लक असते. म्हणजे काम सुबक झाले तर हा दुवा वर्षानुवर्षे मान वर करणार नाही, आणि नवीन असतानाच ६-७ डेसिबल घट दिसली तर काम निकृष्ट झाले आहे, मग दुवा चालत असला तरी.

ते निकृष्ट काम बहुतेक वेळा कनेक्टरमध्ये असते. घरगुती जोडण्या करणाऱ्या तंत्रज्ञाकडे हिरवे कनेक्टर असतात. त्यांचे टोक ८ अंशांत तिरके घासलेले असते. कार्यालयातल्या एसएफपीला सरळ घासलेले निळे कनेक्टर लागतात. हिरवे आणि निळे समोरासमोर जोडले की काचेची टोके नीट टेकत नाहीत, प्रकाश वाया जातो आणि टोकांना ओरखडे पडतात. एका ठिकाणी मी गेलो तेव्हा दुवा दर पावसाळ्यात बिघडतो अशी तक्रार होती आणि केबलमध्ये पाणी शिरल्याचा संशय होता. प्रत्यक्षात एलआययूमध्ये (फायबरची टोके बंद करण्याच्या डब्यात) एका बाजूला हिरवी पिगटेल आणि दुसऱ्या बाजूला निळी पॅच कॉर्ड होती, आणि तो दुवा पहिल्या दिवसापासून काठावरच चालत होता. म्हणून ऑर्डरमध्येच लिहा: निळ्या, सरळ टोकाच्या पिगटेल, फ्यूजन स्प्लाइसिंग करून, एलआययूमध्ये बंद केलेल्या. घरगुती जोडणीत वापरतात तो हाताने दाबून बसवायचा कनेक्टर इथे नको. सिंगल मोडचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा असतो, आपल्या केसाहून कितीतरी बारीक, त्यामुळे पीठगिरणीत, सूतगिरणीत किंवा फाउंड्रीत धुळीचा एक कणही तो झाकू शकतो. जोडण्यापूर्वी प्रत्येक टोक साफ करायचे, प्लास्टिकची टोपी काढली की लगेच जोडायचे, आणि चालू दुव्याच्या टोकात डोळा लावून पाहायचे नाही. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

केबल कशी ओढायची यावर थोडे थांबतो, कारण मजुरांना सूचना मालकानेच द्यावी लागते. शेडमध्ये उंदीर आणि घुशी असतात, म्हणून पोलादी पट्टीची आर्मर्ड फायबर घ्या. ती पट्टी धातूची आहे, हे मात्र लक्षात ठेवायचे: ती एलआययूच्या आत नेऊ नका, बाहेरच कापा, आणि एकाच टोकाला अर्थिंगला जोडा. ओढताना वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या २० पटींपेक्षा कमी होऊ देऊ नका, आणि ओढून झाल्यावर १० पटींपेक्षा. ओढ केबलच्या आतल्या बळकटीच्या धाग्यांवर यावी, काचेवर नाही. दोन्ही टोकांना तीन-चार मीटर केबल गोल गुंडाळून ठेवा. शेडबाहेर उन्हात येणारा भाग काळ्या पॉलिथिलीन आवरणाचाच हवा. करड्या रंगाची घरातली केबल उन्हाने दोन-तीन वर्षांत तडकते. भिंतीतील छिद्र बाहेरच्या बाजूला उतरते ठेवा आणि केबलला प्रवेशापूर्वी खाली एक झोळ द्या, म्हणजे जून ते सप्टेंबर पाणी केबलवरून ओघळत आत येण्याऐवजी तिथेच गळेल.

फायबरला विजेच्या केबलचा त्रास होत नाही, पण मागच्या टोकाला स्विचपासून संगणकापर्यंत तांब्याचीच केबल जाणार आहे आणि तिला तो होतो. ४१५ व्होल्टच्या केबलच्या किंवा वेगनियंत्रक बसवलेल्या मोटारीच्या तारांच्या ट्रेमधून नेटवर्कची केबल नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. आणि तांब्याची केबल घेताना ती पूर्ण तांब्याची आहे, हे पाहून घ्या. अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक असल्याने कॅमेऱ्याला वीज नेताना ती तापते, आणि पंचिंग करताना तार तुटते. चाकूने तार खरवडली की आत पांढरी धातू दिसते.

अर्थिंग हा फायबर निवडण्यामागचा माझा दुसरा मोठा आग्रह आहे, आणि अंतर ७० मीटर असते तरीही मी कदाचित हेच सुचवले असते. आपल्या मागच्या विभागाला वेगळ्या मीटरवरून वीज आहे, असे आपण लिहिले आहे. दोन जोडण्यांच्या अर्थिंगमध्ये काही व्होल्टचा फरक असतोच. एरवी तो जाणवत नाही, पण वेल्डिंग सुरू झाले किंवा वळवाच्या पावसात जवळ वीज कोसळली की तो फरक क्षणभर प्रचंड वाढतो आणि दोन्ही टोके जोडणाऱ्या तांब्याच्या तारेतून वाट काढतो. एका उन्हाळ्यात मला एकाच कारखान्यातून तीन वेळा बोलावणे आले, आणि तिन्ही वेळा स्विचचा नेमका तोच पोर्ट जळालेला होता ज्यातून केबल मागच्या शेडकडे गेली होती. शील्डेड केबल दोन्ही टोकांना अर्थ केली तर हा प्रवाह तिच्या आवरणातून कायमच वाहू लागतो. काचेच्या तंतूतून वीज जात नाही, आणि आर्मरची पट्टी एकाच टोकाला अर्थ केलेली असली की ती वाटही बंद होते. फायबर टाकल्यानंतर जुनी तांब्याची केबल दोन्ही टोकांना सोडवून ठेवा. जास्तीची जोडणी असू द्या म्हणून ती तशीच लावून ठेवली तर हा सगळा खर्च व्यर्थ जातो, आणि वर नेटवर्कमध्ये लूप (माहिती गोल फिरत राहण्याचा फेरा) तयार होतो तो वेगळाच.

मागच्या टोकाला ९ यूची (यू हे रॅकच्या उंचीचे माप), कुलपाची, भिंतीवर बसणारी पेटी घ्या आणि ती डोळ्यांच्या उंचीला लावा. आपली उपकरणे मोजली तर दहा होतात. एखादा वाय-फायचा अॅक्सेस पॉइंट आणि पुढच्या वर्षीचे दोन संगणक धरले तर १६ पोर्ट जेमतेम पुरतात, म्हणून २४ पोर्टचा पीओई स्विच योग्य होईल. पीओईची एकूण क्षमता कॅमेरे, फोन आणि अॅक्सेस पॉइंट यांच्या बेरजेच्या दीडपट तरी असावी. पेटीत पॅच पॅनल (केबलची टोके कायमची बसवायची पट्टी) असू द्या. केबलला थेट आरजे-४५ प्लग क्रिम्प करून स्विचमध्ये खोचली की सहा महिन्यांत कोणाच्या तरी धक्क्याने एक तार सुटते. यूपीएस पेटीजवळच हवा आणि त्याच्यावर फक्त नेटवर्क हवे. बारकोड प्रिंटर किंवा पंखा नको. या विभागातला संगणक विजेअभावी बंद झाला तर एका माणसाचे काम थांबते, स्विच बंद झाला तर ट्रक उभे राहतात.

स्विचच्या मांडणीत तीन गोष्टी आवर्जून करून घ्या. आरएसटीपी (लूप ओळखून तोडणारी सोय) चालू असू द्या, म्हणजे कोणी एकच पॅच कॉर्ड दोन्ही बाजूंनी स्विचला लावली तरी सबंध कार्यालय ठप्प होणार नाही. कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवरील वेगळ्या नेटवर्कमध्ये) टाका आणि फायबरच्या पोर्टवर दोन्ही व्हीलॅन टॅग करा, म्हणजे एकाच दुव्यावरून दोन्ही वेगळी राहून जातील. तिसरी गोष्ट डीएचसीपी स्नूपिंगची, म्हणजे अनोळखी उपकरणाला नेटवर्कचे पत्ते वाटू न देण्याची: लांबच्या विभागात पोर्ट कमी पडले की कोणीतरी घरचा जुना वाय-फाय राउटर आणून लावतो, तो स्वतःच पत्ते वाटू लागतो, आणि पुढच्या कार्यालयातल्या संगणकांना अचानक चुकीचे पत्ते मिळून इंटरनेट बंद होते. हा दोष शोधायला जितका वेळ जातो तितका दुसऱ्या कशालाच जात नाही, कारण तक्रार एका टोकाला असते आणि कारण दुसऱ्या टोकाला.

काम ताब्यात घेताना दिव्यांचा टेस्टर पुरेसा मानू नका. त्यावर आठही दिवे क्रमाने लागले म्हणजे तारा जोडल्या आहेत एवढेच कळते. अनेक जण रंग सरळ क्रमाने लावतात, पहिली जोडी एक-दोनवर, दुसरी तीन-चारवर, तिसरी पाच-सहावर. टेस्टर खूश होतो, पण मानकाप्रमाणे एक जोडी तीन आणि सहा या क्रमांकांवर असावी लागते, आणि ती फुटली की तारांना दिलेला पीळ निरुपयोगी ठरून एका जोडीचा सिग्नल दुसऱ्या जोडीत झिरपतो. हा दोष दिव्यांच्या टेस्टरवर दिसत नाही, सर्टिफाय करणाऱ्या यंत्रावर दिसतो. प्रत्येक तांब्याच्या पॉइंटचा लांबी, क्षय, क्रॉसटॉक (जोड्यांमधला हाच झिरपा) आणि रिटर्न लॉस (परत फिरलेला सिग्नल) दाखवणारा छापील अहवाल मागा. ते यंत्र ठेकेदाराकडे नसेल तर ते एका दिवसापुरते भाड्याने आणायला सांगा. फायबरसाठी प्रकाशस्रोत आणि पॉवर मीटर लावून सहाही कोरची घट लिहून घ्या. इतक्या लहान अंतरात ओटीडीआरची (परतणाऱ्या प्रकाशावरून फायबर तपासणाऱ्या यंत्राची) टोकाजवळची आंधळी जागाच मोठी पडते, त्यामुळे त्याचा आलेख पाहून समाधान मानू नका. शेवटी भर दुपारी, मशीन चालू असताना, मागच्या संगणकावरून सर्व्हरपर्यंत आयपर्फ३ (वेग मोजणारा प्रोग्राम) अर्धा तास चालवा. गिगाबिट दुव्यावर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा स्थिर राहायला हवा, आणि त्यानंतर दोन्ही स्विचच्या फायबर पोर्टवरील सीआरसी चुकांचा (खराब होऊन पोहोचलेल्या पाकिटांचा) मोजक शून्यावरच असायला हवा. तो शून्य असल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

आणि केबलचा प्रत्यक्ष मार्ग, कोरचे रंग, कोणत्या कोरची घट किती, पेटीतला कोणता पोर्ट कोणत्या टेबलावर जातो, हे एका कागदावर काढून, प्लास्टिकमध्ये घालून, दोन्ही पेट्यांच्या दारांच्या आतल्या बाजूला चिकटवून घ्या. ठेकेदार ते स्वतःहून करत नाहीत. कोटेशनमध्ये ती ओळ आजच घालून घ्या.